चामखिळीचे मूळ नेमके कुठे असते?

खानापूर तालुक्यातील एका भगिनींनी आपल्या ११ वर्षांच्या मुलाबद्दल विचारले आहे. गेल्या श्रावणात त्याच्या उजव्या हाताच्या बोटावर एक चामखीळ उठली आणि संक्रांतीपर्यंत तिच्या आजूबाजूला व नखांच्या कडेने आणखी सहा उठल्या. सासूबाईंच्या मते हे म्हशीच्या सडांवरच्या मसांमुळे झाले, शेजारच्या काकूंच्या मते मुलाचे रक्त खराब आहे, आणि मध्यंतरी मुलाच्या वडिलांच्या तळपायालाही असेच काहीतरी कठीण झाले आहे. हे होते कशामुळे, घरात एकाचे दुसऱ्याला लागते का, आणि मूळ काढल्याशिवाय ते जात नाही म्हणतात ते खरे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

बेळगावात त्वचारोगांचा दवाखाना चालवताना मला आता २४ वर्षे झाली आणि हे तीन प्रश्न मी बहुधा आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ताई, तुमच्या मुलाच्या हातावर जे झाले आहे तो विषाणूचा संसर्ग आहे. त्या विषाणूला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही, म्हणतात. मात्र एवढे सांगून भागत नाही, कारण हा विषाणू ज्याच्या ज्याच्या हाताला लागतो त्या प्रत्येकाला चामखीळ होत नाही. विषाणू, कातडीतली बारीकशी फट आणि आत शिरलेल्या विषाणूकडे शरीराचे झालेले दुर्लक्ष, या तीन गोष्टी जुळून याव्या लागतात.

आधी नावाचा घोळ सोडवतो. आपल्याकडे चामखीळ किंवा मस या शब्दांत चार-पाच निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि गोकाक-बैलहोंगलकडचे लोक त्यांनाच नरहुली म्हणतात. मानेभोवती, काखेत किंवा पापणीवर जे मऊ, देठ असल्यासारखे लोंबते, त्याचा एचपीव्हीशी रोगाच्या अर्थाने संबंध नाही. तेथे घड्यांमधले घर्षण, वाढलेले वजन आणि पुष्कळदा मधुमेहाची सुरुवात ही कारणे असतात. मानेची कातडी काळवंडून मखमलीसारखी झाली असेल आणि तिच्यावर असे लोंबते मस असतील, तर मी मलम लिहून देण्याआधी रक्तातली साखर तपासायला सांगतो. साठीनंतर पाठीवर व कपाळावर जे तपकिरी, मेण चिकटवल्यासारखे डाग उठतात, तेही वयाने येतात, संसर्गाने नव्हे. म्हणून एखाद्या मावशीने ‘मला साखरेमुळे चामखीळ झाली’ असे सांगितले, तर तिच्या बाबतीत ते खरे असू शकते. तुमच्या मुलाच्या बाबतीत ते खरे नाही. त्याच्या बोटावरचे उंचवटे खरखरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखे फुटलेले असणार. विषाणूची चामखीळ ती हीच.

ती विषाणूमुळे होते हे सिद्ध करणारा प्रयोग शंभर वर्षांहून जुना आहे. इटलीतील जुझेप्पे चुफ्फो या डॉक्टरने १९०७ मध्ये चामखीळ कुटून तिचा अर्क काढला, जिवाणूसुद्धा आरपार जाणार नाहीत अशा बारीक गाळणीतून तो गाळला आणि स्वतःच्या हातात टोचून घेतला. काही महिन्यांनी तेथे चामखिळी उठल्या. गाळणीतून जे पार गेले ते जिवाणूहून लहान होते, म्हणजे विषाणू होते. आज या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत आणि प्रत्येकाची आवडती जागा ठरलेली असते. तळपायाच्या खोल, दुखऱ्या चामखिळीत बहुधा प्रकार १ सापडतो. हातांवरच्या खरखरीत चामखिळीत २, ४, २७ किंवा ५७ हे प्रकार असतात, तर चेहऱ्यावर व हाताच्या पाठीवर पसरणाऱ्या चपट्या, कातडीच्याच रंगाच्या चामखिळी ३ व १० या प्रकारांच्या असतात.

आता फटीबद्दल सांगतो, कारण आपल्या भागात मला कारणाचा हाच भाग सर्वांत जास्त दिसतो. कातडीचा वरचा थर शाबूत असेल तर हा विषाणू आत जाऊ शकत नाही. त्याला गाठायची असते ती बाह्यत्वचेची अगदी तळची ओळ, जिथे नव्या पेशी तयार होतात. त्या ओळीपर्यंत पोहोचायला डोळ्यांना न दिसणारा ओरखडाही पुरतो, आणि कातडी पाण्याने फुगलेली असेल तर तो पडायला फार काही लागत नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला भातलावणीच्या दिवसांत माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात उभी असतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक पडतात, तळवे सुरकुततात, आणि मग बांधावरचा खडा किंवा काटा लागला की दार उघडते. चिकोडी-रायबागकडे ऊसतोडीला जाणाऱ्यांचे हात उसाच्या पात्याने कापतात. ते कापणे इतके बारीक असते की दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या गरम पाण्यात चुरचुरल्यावरच कळते. विहिरीत पोहणारी मुले ओल्या पायांनी खरबरीत काँक्रीटच्या कडेवर चढतात, त्याच कडेवर त्यांच्या आधी दहा जण चढलेले असतात, आणि त्यांच्यापैकी एकाच्या तळपायाला चामखीळ असली तरी पुरे. तालमीतल्या पोरांचे, मासळी व मटण कापणाऱ्यांचे, दिवसभर भांडी घासणाऱ्या बायकांचे हातही याच कारणाने या विषाणूला सापडतात.

तुमच्या मुलाच्या बाबतीत फट कोणती असेल याचा माझा अंदाज तुम्ही लिहिलेल्या एका शब्दातून आहे. चामखिळी ‘नखांच्या कडेने’ आहेत. तेव्हा तो नखे खातो का, किंवा नखाशेजारी सुटलेली कातडी दातांनी ओढतो का, एवढे पाहा. माझ्याकडे नखाभोवती चामखिळी घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या नखांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या असतात, आणि विचारल्यावर मूल आईकडे बघते. दातांनी कातडी सोलली जाते, लाळेने भिजते, आणि एका बोटावरचा विषाणू पुढच्या बोटात पेरला जातो. कधी तो ओठाच्या कोपऱ्यावरही उठतो. पहिली चामखीळ बाहेरून आली असेल, पण पुढच्या सहा त्याच्या स्वतःच्याच हाताने लावल्या गेल्या असाव्यात. दाढी करणाऱ्या पुरुषांत हाच प्रकार वस्तऱ्याने होतो. गालावर चपट्या चामखिळींची सरळ रेघच्या रेघ दिसली, की वस्तरा कोणत्या दिशेने फिरला ते सांगता येते.

आत गेल्यावर विषाणू जे करतो ते पाहिले की रक्ताचा प्रश्नही सुटतो. तो तळच्या पेशीत शिरतो आणि गप्प बसतो. पेशीला तो मारत नाही, फक्त तिला नेहमीपेक्षा अधिक वाढायला लावतो. ती पेशी आपल्या नैसर्गिक प्रवासात वर सरकत जाते तसतसा तो स्वतःच्या प्रती काढत जातो, आणि ती पृष्ठभागावर येऊन मृत पापुद्र्याच्या रूपाने गळते तेव्हा हजारो नवे विषाणू तिच्यासोबत बाहेर पडतात. या साऱ्या प्रवासात तो रक्तात उतरत नाही. चामखीळ असलेल्या माणसाचे रक्त खराब नसते, ‘अंगातली उष्णता’ तिला कारण नसते, आणि वांगी, अंडी किंवा मासे बंद करून काही होत नाही. उलट, तो रक्तात उतरत नाही व पेशी फोडत नाही, म्हणूनच शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा सुगावा उशिरा लागतो. गोवराचा विषाणू आरडाओरडा करत येतो, ताप चढतो, चार दिवसांत शरीर जागे होते. चामखिळीचा विषाणू चोरपावलांनी येऊन माडीवरच राहतो, आणि तळमजल्यावरच्या माणसांना त्याचा पत्ता नसतो.

मुळाचा समज मात्र अगदी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीतून आला आहे, म्हणून त्याला हसू नये. परवाच एक गृहस्थ तळपाय पुढे करून म्हणाले, ‘डॉक्टर, वरचं कापून काय उपयोग न्हाई, मूळ आतच ऱ्हाऊन वाढूलंय की.’ मी ब्लेडने वरचा कठीण थर पापुद्र्यापापुद्र्याने काढला. आत राळ्याच्या दाण्याहून लहान असे काळे ठिपके दिसले, आणि आणखी एक पापुद्रा काढताच प्रत्येक ठिपक्यातून टाचणीच्या टोकाएवढे रक्त आले. ते काळे ठिपके म्हणजे मूळ नव्हे. वाढलेल्या पेशींना रक्त पुरवायला वर आलेल्या केशवाहिन्या असतात त्या, आणि त्यांच्यात रक्त गोठले की त्या काळ्या दिसतात. चामखीळ बाह्यत्वचेतच वाढते, तिच्याखालच्या थरात ती शिरत नाही, आणि पूर्ण सोडवली तर तिची खालची बाजू गुळगुळीत असते. मग ती पुन्हा का उगवते? कारण तिच्या कडेची कातडी डोळ्यांना अगदी साधी दिसत असली, तरी तिच्यातही विषाणू दडलेला असतो. मूळ म्हणायचेच असेल तर ते खाली नसून आजूबाजूला असते. म्हणूनच भूल देऊन खोल कापणे हा माझ्या मते चामखिळीवरचा सर्वांत वाईट उपाय आहे. व्रण कायमचा राहतो आणि चामखीळ त्याच्या कडेने परत येते.

शरीराला एकदा सुगावा लागला, की मात्र ते झपाट्याने काम करते. लहान मुलांतील चामखिळींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश चामखिळी काहीही न करता दोन वर्षांच्या आत जातात. या एका गोष्टीमुळे आपल्याकडच्या प्रत्येक उपायाला साक्षीदार मिळाले आहेत. कुणी घोड्याचा केस बांधला आणि ती गळाली, कुणी देवाला मीठ वाहिले आणि ती गेली. माझी आजी म्हणायची की चांदण्या मोजल्या की मस उठतात, आणि चांदण्या मोजणे बंद केल्यावर माझ्या चुलत भावाची खरोखरच गेली. मी स्वतः पदव्युत्तर शिक्षण घेत असताना माझ्या उजव्या तर्जनीवर एक चामखीळ आठ महिने होती. तिच्यावर मी पुस्तकातले सारे उपाय केले आणि कंटाळून सोडून दिले. परीक्षेच्या महिन्यात ती आपोआप नाहीशी झाली. त्या महिन्यात मी एखादा नवस बोललो असतो, तर आजही तो फेडत असतो. मीठ वाहण्याने कुणाचे नुकसान होत नाही, त्यामुळे माझा त्याला विरोध नाही.

विरोध आहे तो बिब्ब्याला, चुना-सोड्याच्या लेपाला, बॅटरीच्या ॲसिडला आणि आपल्या भागात काजूमुळे सहज हाताशी येणाऱ्या काजूच्या टरफलाच्या चिकाला. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले आहेत, आणि दोन्हींच्या टरफलातले तेल कातडी भाजते व पुष्कळांना त्याची तीव्र ॲलर्जीही होते. काही वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीच्या मनगटावरच्या मसुराएवढ्या चामखिळीवर घरच्यांनी हा चीक लावला होता. ती माझ्याकडे आली तेव्हा रुपयाएवढी जखम झाली होती आणि कोपरापर्यंत फोड उठले होते. जखम भरल्यावर तिच्या कडेने नव्या चामखिळी वर्तुळाकार उगवल्या, कारण भाजलेली कातडी म्हणजे विषाणूसाठी उघडी फटच की.

आता सासूबाईंच्या म्हशीकडे वळू. त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही, कारण गाई-म्हशींच्या सडांवर खरोखरच चामखिळी होतात आणि त्याही पॅपिलोमा विषाणूनेच होतात. पण हे विषाणू आपापली जात सोडत नाहीत. जनावरांचा पॅपिलोमा विषाणू माणसाच्या हातावर चामखीळ उठवत नाही आणि माणसाचा जनावराला लागत नाही. मटण कापणाऱ्यांच्या हातांवर एचपीव्हीचा ७ हा प्रकार विशेष आढळतो, तेव्हा तो जनावरातून येत असावा असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तोही माणसाचाच विषाणू आहे. गार, ओले आणि सुरीने चिरलेले हात त्याला मानवतात, एवढेच. सडांवरून दूध काढणाऱ्याच्या बोटांना लागणारे रोग वेगळे आहेत. म्हशींच्या देवीचा रोग आणि सडांवरच्या फोडांमुळे दूध काढणाऱ्याच्या बोटावर उठणारी लालसर गाठ, हे दोन्ही माणसाला होतात. पश्चिम महाराष्ट्रात २००९ मध्ये म्हशींच्या देवीची साथ माणसांतही दिसली होती. पण त्या गाठी काही दिवसांतच उठतात, दुखतात, कधी ताप येतो, आणि महिना-दीड महिन्यात त्या बऱ्या होतात. श्रावणापासून संक्रांतीपर्यंत न दुखता वाढत राहिलेले उंचवटे त्यांच्यात बसत नाहीत.

घरात लागते का, याचे उत्तर होय असे आहे, पण घाबरण्याजोगे नाही. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत बहुधा १ ते ६ महिने जातात, कधी त्याहूनही अधिक. त्यामुळे कुणी कुणाला दिली हे शोधत बसण्यात अर्थ नसतो, आणि मुलगा आधी की वडील आधी हे आता कुणालाच सांगता येणार नाही. हा विषाणू मात्र चिवट असतो. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचे आवरण असते, ते हाताच्या सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने फुटते. एचपीव्हीवर असे आवरणच नसल्याने सॅनिटायझरवर विसंबून राहता येत नाही, आणि न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर तो बराच काळ टिकतो. न्हाणीत प्रत्येकाची चप्पल वेगळी असावी. टॉवेल, नखे कापायचे यंत्र आणि पाय घासायचा दगडही वेगळे ठेवावेत. एकाच दगडाने चामखीळ घासून तोच दगड घरभर फिरवणे म्हणजे घरभर विषाणू पेरत जाण्यासारखे आहे. मुलाला शाळेतून घरी बसवण्याची, त्याचे ताट वेगळे करण्याची किंवा त्याला जवळ न घेण्याची काहीही गरज नाही.

एचपीव्ही हे नाव ऐकून पुष्कळ आयांचा चेहरा उतरतो, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या संदर्भात त्यांनी ते ऐकलेले असते. तो संबंध खरा आहे, आणि तो दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण तेथे मुख्यत्वे १६ व १८ हे प्रकार असतात, बोटावरच्या चामखिळीचे प्रकार नव्हेत. मुलींसाठी जी लस आहे, जिचे भारतीय रूप पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केले, ती अवश्य द्यावी. मात्र ती हातापायांच्या चामखिळींसाठी बनवलेली नाही. जननेंद्रियांवरच्या चामखिळी हा वेगळा विषय आहे. त्या बहुधा ६ व ११ या प्रकारांच्या असतात, शरीरसंबंधातून पसरतात, आणि त्यासाठी पती-पत्नी दोघांनीही लाज बाजूला ठेवून तपासून घ्यावे.

काही वेळा मात्र कारण खोलवर शोधावे लागते. प्रौढ माणसाला एकाएकी डझनांनी चामखिळी उठल्या आणि उपचारांना दाद देईनाशा झाल्या, तर त्याची प्रतिकारशक्ती का खालावली आहे ते पाहिले पाहिजे. एचआयव्ही असू शकतो, मूत्रपिंड बदलल्यानंतरची औषधे असू शकतात, किंवा कुणाच्या सल्ल्याविना वर्षानुवर्षे घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या असू शकतात. एकच खरखरीत चट्टा पायावर किंवा हातावर महिनोन्महिने कडेने पसरत असेल, तर तो कातडीचा क्षयरोगही असू शकतो, आणि त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. वयस्कर माणसाची ‘चामखीळ’ फुटून वाहू लागली, तर कर्करोग नाही ना हे आधी पाहावे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत यांपैकी काहीही वाटत नाही. सॅलिसिलिक ॲसिडचे द्रावण रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटे बोट भिजवून, वरचा थर हलकेच घासून आणि आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावून, फक्त चामखिळीवर लावायचे असते. ते १२ आठवडे नेटाने करावे लागते, आणि बहुतेक घरांत ते तिसऱ्या आठवड्यातच बंद पडते. चेहऱ्यावर ते लावू नये, आणि मधुमेह असलेल्यांनी पायाला तर मुळीच लावू नये. द्रवरूप नायट्रोजनने, म्हणजे उणे १९६ अंश थंडीने, गोठवणे हाही चांगला उपाय आहे. पण नखाजवळ ते फार दुखते आणि ११ वर्षांचे मूल दुसऱ्यांदा यायला तयार होत नाही. चामखिळी जास्त असतील तर एकाच चामखिळीत एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड व रुबेलाची, लस टोचून शरीराला जागे करण्याची पद्धत मी अलीकडे अधिक वापरतो. ती लागू पडली तर न टोचलेल्याही विरतात. पण नखे खाणे थांबले नाही तर यातले काहीच टिकणार नाही, म्हणून त्याला रागावण्यापेक्षा नखे आखूड कापून झोपताना बोटांना चिकटपट्टी गुंडाळा.

दवाखान्यात याल तेव्हा त्याच्या वडिलांनाही सोबत आणा. तळपायाचे ते कुरूप, म्हणजे दाबाने घट्ट झालेली कातडी, असेल तर सरळ दाबल्यावर दुखेल आणि कातडीच्या रेषा त्याच्यावरून अखंड गेलेल्या दिसतील. चामखीळ असेल तर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखेल आणि रेषा तिच्या कडेला येऊन थांबतील. तोपर्यंत त्यांनी त्याच्यावर कुरूपाच्या पट्ट्या लावू नयेत व ब्लेड चालवू नये. म्हशीचे दूध सासूबाईंनी खुशाल काढावे.